खऱ्या साहेबांची ओळखपरेड

"नमस्कार, मी सीआयडीमधून बोलतोय," एवढं म्हणायचा अवकाश, पलीकडून फोन बंद झाला.

पोलीस निरीक्षक भीमराव वासनिकांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. सकाळपासून हेच चाललं होतं. पहिल्यांदा पलीकडच्या बाई "राँग नंबर" म्हणाल्या. दुसऱ्यांदा "आई-बाप आहेत का तुला?" असं विचारून उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला. आता तर काही बोलायचे कष्टही घेतले नव्हते. चौथ्यांदा लावला तेव्हा वासनिकांचा नंबर त्यांच्या फोनवर बंद करून टाकलेला होता.

राज्याच्या गुन्हे अन्वेषण खात्यात वासनिकांनी भल्याभल्यांना बोलतं केलं होतं. त्यांच्यासमोर बसलं की अट्टल भामट्यालासुद्धा घाम फुटायचा, हा लौकिक होता. पण त्यासाठी समोरचा माणूस समोर बसायला हवा. आणि मालनबाई ठोंबरे तर फोनवरही थांबायला तयार नव्हत्या.

प्रकरण तसं जुनं होतं. खडकीत दिग्विजय नावाच्या एका गृहस्थाने बनावट पदव्यांच्या जोरावर बरीच वर्षं हाडांचा दवाखाना चालवला होता. त्याने बारावीनंतर काही शिक्षण घेतलं असेल तर ते इंटीरियर डेकोरेशनचं असावं, कारण दवाखाना फार देखणा होता. भिंतीवर पदव्यांच्या सोनेरी चौकटी, कोपऱ्यात हाडांचा सापळा. मालनबाईंचे यजमान दारूगोळा कारखान्यात कामाला होते. ते सायकलवरून पडले, घोटा मोडला, आणि दोघं नवरा-बायको या दवाखान्यात गेले. डॉक्टरने घोट्याचा एक्स-रे उलटा धरला, उजेडात नीट न्याहाळला आणि सांगितलं, "कोपर एकदम मजबूत आहे. काळजी नको."

त्या वाक्यावर सरकारी वकिलांची सगळी भिस्त होती. उद्या साक्ष होती. यजमान आता हयात नव्हते, त्यामुळे ते वाक्य कानांनी ऐकलेल्या एकट्या मालनबाईच उरल्या होत्या. समन्स खडकीच्या जुन्या पत्त्यावरून परत आलं होतं, कारण बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. नवा पत्ता आणि फोन वासनिकांनी जुन्या शेजारणीकडून मिळवला होता. उद्या बाई आल्या नाहीत तर डॉक्टर पुन्हा चौकटी पुसून भिंतीवर लावायला मोकळा होता.

"जाऊन येतो," वासनिक स्वतःशीच म्हणाले आणि निघाले.

मांजरीत रस्त्याच्या एका हाताला अजून ऊस उभा आहे आणि दुसऱ्या हाताला उसापेक्षा दाट इमारती. ठोंबऱ्यांची सोसायटी सापडायला वेळ लागला नाही. गेटवर वॉचमन नागोराव खुर्ची टाकून बसला होता. वासनिक साध्या वेषात होते, गाडीही स्वतःची होती.

"कुनाकडं?" नागोरावने विचारलं.

"मालनबाई ठोंबरे. सांगा, सीआयडीमधून आलेत."

नागोरावने इंटरकॉम लावला. "मावशी, सीआयडी आलेत." मग बराच वेळ तो फक्त ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने डोळे बारीक केले, वासनिकांकडे पाठ केली आणि हळूच म्हणाला, "हाव. एकटाच हाये. दाढी न्हाई. बरं, बसवून ठेवतो."

मग वळून अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, तुमी हापिसात बसा. मावशी येऊलाल्यात."

वासनिक बसले. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना पहिल्यांदा शंका आली.

कडी उघडली ती सोसायटीच्या सेक्रेटरींनी. श्यामसुंदर सहस्रबुद्धे हे निवृत्त मराठी शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने अधोरेखित केल्यामुळे त्यांची नजरसुद्धा लालसर झाली होती. त्यांच्यामागे दारात सोसायटीतली सातआठ माणसं उभी होती. त्यांतल्या एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती.

"या, बसलेलेच आहात म्हणा," सहस्रबुद्धे म्हणाले. "फोनवर जमलं नाही म्हणून घरपोच सेवा सुरू केलीत वाटतं?"

"अहो, काहीतरी गैरसमज होतोय. मी खरोखरच सीआयडीचा अधिकारी आहे."

"असणारच. खोटा आहे म्हणून अजूनपर्यंत कुणी सांगितलेलं नाही."

वासनिकांनी ओळखपत्र काढून पुढे केलं. सहस्रबुद्ध्यांनी ते हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"छान आहे. फोटोत तरुण दिसता."

"जुना फोटो आहे."

"कार्ड मात्र नवं कोरं दिसतंय."

"नुकतंच बदलून मिळालं."

"फोटो जुना, कार्ड नवं," सहस्रबुद्ध्यांनी मागे वळून जमावाला सांगितलं. जमावाने माना हलवल्या. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एक पत्रक डकवलं होतं: 'सावध राहा! सीआयडी अधिकारी असल्याचे सांगून येणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नका.' खाली सूचना होत्या.

"हे वाचलंत का?"

"वाचलंय? अहो, हे मीच लिहिलंय!" वासनिकांचा चेहरा उजळला. "गेल्या दिवाळीच्या सुमारास मला खात्याने जनजागृतीचं काम दिलं होतं. यातला शब्द न् शब्द माझा आहे."

"अस्सं? मग यात 'पोलिस'मधला 'लि' ऱ्हस्व का?"

वासनिक पत्रकाजवळ जाऊन वाकून बघू लागले.

"खरा पोलीस स्वतःच्या खात्याचं नाव तरी शुद्ध लिहील, एवढी माझी अपेक्षा आहे," सहस्रबुद्धे म्हणाले आणि त्यांनी वासनिकांचा फोन टेबलावरून उचलून खिशात टाकला. "चौकीत कळवलंय. ते येईपर्यंत पाणी हवं असेल तर सांगा. फिल्टरचं आहे."

वासनिकांनी शांत राहायचं ठरवलं. खोलीत एकच दार, खिडकीला गज, बाहेर बॅट. त्यांनी कितीतरी संशयितांना असंच बसवून ठेवलं होतं. खुर्चीच्या या बाजूने खोली इतकी लहान दिसते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

"माझ्या बायकोला फोन करा," ते शेवटी म्हणाले. "ती सांगेल मी कोण आहे ते."

सहस्रबुद्ध्यांनी विचार केला आणि स्वतःच्या फोनवरून, वासनिकांनी सांगितलेला नंबर लावला. स्पीकर चालू केला.

"हॅलो, शर्मिला वासनिक का? तुमचे यजमान इथे आमच्या ताब्यात आहेत."

"हो का?" पलीकडून आवाज आला. "किती पाठवू म्हणताय?"

"शर्मिला, अगं मी बोलतोय!" वासनिक पुढे झुकून म्हणाले. "प्लीज, यांना सांग ना मी कोण आहे ते."

पलीकडचा आवाज करडा झाला. "परवलीचा शब्द सांगा."

वासनिकांनी अभिमानाने सहस्रबुद्ध्यांकडे पाहिलं. ही व्यवस्था त्यांचीच होती. अनोळखी नंबरवरून घरच्या माणसाच्या आवाजात कुणी मदत मागितली तर आधी परवलीचा शब्द विचारायचा, हे त्यांनी घरात सगळ्यांना घोटून घोटून शिकवलं होतं.

"पावटा," ते ऐटीत म्हणाले.

"चूक."

"अगं, चूक कसं? पावटाच!"

"तो मी कधीच बदलला. आणि काय हो, आवाज चांगला काढलाय, पण अभ्यास कमी पडला तुमचा. आमचे हे माझ्याशी 'प्लीज' म्हणून बोलत नाहीत. पुढच्या वेळी जरा वसकन बोला."

जमावात कुणीतरी खुदकन हसलं. वासनिकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"शर्मिला!" ते असे गरजले की बॅटवाला दोन पावलं मागे सरकला. "शब्द बदललास तर तो मला सांगायला नको? कुणासाठी ठेवलाय तो, शेजाऱ्यांसाठी? एक गोष्ट धड सांगायची नाही घरात! काल डब्यातसुद्धा चमचा नव्हता!"

"हां, हे आमचेच," शर्मिलाताई निवांतपणे म्हणाल्या. "सोडा हो त्यांना. खरंच सीआयडीत आहेत. आणि अहो, घरी या, मग चमच्याचं बोलू."

फोन बंद झाला. वासनिकांनी विजयाने हात पसरले.

"बाईंचा आवाज प्रामाणिक वाटला," सहस्रबुद्धे विचार करत म्हणाले. "पण नंबर तुम्हीच दिलात. टोळीत बायकाही असतात, असं तुमच्याच पत्रकात कलम तीनमध्ये लिहिलंय."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि चौकीतले हवालदार कोंडीराम जगताप आत आले. त्यांनी वासनिकांना पाहिलं आणि टाचा जुळवून असा कडक सलाम ठोकला की टेबलावरचा ग्लास हलला.

"जय हिंद सर! सर, तुम्ही आमचं ट्रेनिंग घेतलं होतं. बनावट ओळख कशी पकडायची, त्याचं!"

"घ्या!" वासनिक म्हणाले. "आता तरी पटलं?"

सहस्रबुद्ध्यांनी हवालदारांना पायांपासून टोपीपर्यंत वाचून काढलं. "सलाम तर आमचा नागोरावसुद्धा मारतो. तुमचं ओळखपत्र?"

"माझं?" कोंडीरामांनी वरचा खिसा चाचपला, मग खालचा, मग मागचा. "गणवेश धुवायला टाकला होता ना काल... त्या दुसऱ्या शर्टात राहिलं. पण अंगावर गणवेश आहे की!"

"गणवेश भाड्याने मिळतो. गणपतीत आमच्या मुलांच्या नाटकाला दोन इन्स्पेक्टर आणि एक फौजदार आणला होता." सहस्रबुद्ध्यांनी दुसरी खुर्ची पुढे सरकवली. "बसा."

"सर, बसू का?" कोंडीरामांनी वासनिकांना विचारलं.

"बस," वासनिक हताशपणे म्हणाले. "आणि पुन्हा सलाम मारू नकोस."

मालनबाई खाली आल्या तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसलेले होते. बाई ठेंगण्या, अंगाने काटक. गर्दीने त्यांना वाट करून दिली. त्यांनी वासनिकांना नीट पाहून घेतलं.

"तुम्हीच का फोन करत होता?"

"हो बाई. तुमच्या साक्षीसाठी. उद्या त्या दिग्विजय डॉक्टरची केस आहे."

डॉक्टरचं नाव ऐकून मालनबाईंचा चेहरा बदलला. पण त्या लगेच सावरल्या. "ते पेपरात आलं होतं. कुणीही वाचून बोलेल."

"हे माझं ओळखपत्र—"

"कार्ड नका दाखवू मला!" बाई एकदम म्हणाल्या. "त्याच्याकडं काय कमी कार्डं होती? अख्खी भिंत भरली होती. मालकांना घेऊन मी तीन महिने त्याच्या पायऱ्या चढले. पाय सुजून हा एवढा झाला, तरी म्हणत होते, 'मालन, एवढ्या चौकटी आहेत, माणूस काही येडा नसेल.' मी पण तेच म्हणत होते. माणूस जाईपर्यंत लंगडत होता. त्या दिवसापासून ठरवलं, कुणी काय बी चौकटीत घालून आणलं तरी आपण विश्वास ठेवायचा न्हाई."

 बॅटवाल्याने बॅट भिंतीला टेकवून ठेवली.

वासनिकांना अचानक आपल्या रागाची लाज वाटली. समोरच्या बाईने काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी पत्रकात जे जे लिहिलं होतं, ते सगळं राज्यात बहुधा या एकट्या बाईने मनावर घेतलं होतं.

"बरोबर आहे बाई तुमचं," ते म्हणाले. "माझ्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. मी तुम्हाला गाडीत बसा म्हणत नाही, तुमचा आधार नंबर मागत नाही, कुठे सही मागत नाही. उद्या अकरा वाजता तुम्ही तुमच्या तुम्ही कोर्टात या. रिक्षा तुमची तुम्ही करा. कोर्ट कुठे आहे ते मला विचारू नका, कुणालाही विचारा. आणि एकट्या येऊ नका. मुलाला आणा, या सरांना आणा, ही सगळी मंडळी आणा. तिथे डॉक्टर उभा दिसला तर मी खरा. नाही दिसला तर माझ्या नावाने तिथेच तक्रार करा, पोलीस तिथे भरपूर असतात."

मालनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सहस्रबुद्ध्यांकडे वळल्या.

"भाऊ, लबाड माणूस म्हणतो, कुणाला सांगू नका. हा तर म्हणतोय, सगळ्यांना घेऊन या."

सहस्रबुद्ध्यांनी पत्रकाकडे एकदा पाहिलं. तिथे कलम पाच होतं: 'भामटे ही गोष्ट गुप्त ठेवण्यास सांगतात.' त्यांनी खिशातून वासनिकांचा फोन काढून टेबलावर ठेवला.

"आशय चांगला आहे तुमच्या पत्रकाचा," ते म्हणाले. "फक्त शुद्धलेखन सांभाळा. यांना सोडा रे. आणि चहा सांगा. हवालदारांनाही."

दुसऱ्या दिवशी सोसायटी खरोखरच आली. एका मिनीबसमध्ये सगळे दाटीवाटीने बसून आले होते. बायकांनी बरोबर डबे घेतले होते, नागोरावनेसुद्धा रजा टाकली होती, हवालदार कोंडीरामही बरोबर आले होते. मालनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. दारातूनच त्यांना समोर उभा असलेला दिग्विजय दिसला. तसाच देखणा, तसाच इस्त्रीच्या शर्टातला. त्यांनी वासनिकांकडे बघून मान डोलावली, जणू काही एका परीक्षेत त्यांना पास केलं होतं.

साक्ष उत्तम झाली. घोटा, उलटा एक्स-रे, मजबूत कोपर, सगळं बाईंनी न अडखळता सांगितलं. कोपरावर न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. सरकारी वकील खूश होऊन खाली बसले.

मग बचाव पक्षाचे वकील उठले. डॉक्टरने जुने वकील सोडून हे नवे गृहस्थ नुकतेच नेमले होते. उंचेपुरे, काळा कोट झकास बेतलेला, आवाज खर्जातला. मागच्या बाकावरून नागोराव कौतुकाने पुटपुटला, "हा खरा वकील दिसतो बघा."

"मालनबाई," वकील म्हणाले, "तुम्ही जे सांगता ते खरं, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"तुम्ही वकील, हे मी कशावरून मानायचं?"

कोर्टात हशा पिकला. वकिलांनी हसून न्यायाधीशांकडे पाहिलं. "मॅडम, साक्षीदार उलट प्रश्न विचारतायत."

"न्हाई बाईसाहेब, उलट न्हाई," मालनबाई नम्रपणे म्हणाल्या. "मी आता सगळ्यांनाच विचारते. काल आम्ही या साहेबांना विचारलं, हवालदारांना विचारलं. कुणी रागावलं न्हाई. थोडे रागावले, पण नंतर चहा घेतला."

न्यायाधीशबाई चांगल्या खुशीत होत्या. "वकीलसाहेब, दाखवा ना तुमचं कार्ड. बाईंचं समाधान होईल आणि आपल्याला पुढे जाता येईल."

"अवश्य, अवश्य," वकील म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग फाईल उघडली, मिटली. कपाळावर घाम चमकला. वासनिक खुर्चीत सावरून बसले. काल हवालदारही खिसे चाचपत होता, पण त्याचे डोळे खिशाकडे होते. या माणसाचे डोळे दाराकडे होते.

"मॅडम, गाडीत राहिलंय. दोन मिनिटांत आणतो."

वकील गेले. कोर्ट थांबलं.  वासनिकांनी कोंडीरामांना डोळ्यांनी खूण केली आणि ते मागोमाग बाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा धापा टाकत होते.

"सर, गाडी घेऊन पळाला," ते वासनिकांच्या कानात म्हणाले. "पण नंबर घेतलाय मी गाडीचा. चौकीत कळवलंय."

ते कानात बोलले खरे, पण हवालदारांचा कानातला आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला. कोर्टात कुजबुज उठली. सहस्रबुद्ध्यांनी "शांत" म्हणून शिक्षकी थाटात हात वर केला, आणि आश्चर्य म्हणजे न्यायाधीशांच्या आधी त्यांचं सगळ्यांनी ऐकलं.

त्या शांततेत दिग्विजयचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वकिलाच्या रिकाम्या खुर्चीकडे. मग वासनिकांकडे झुकून, अगदी मनापासून दुखावलेल्या आवाजात तो म्हणाला, "साहेब, म्हणजे तो वकील नव्हता? अहो, माझी सगळी फी आगाऊ घेतली हो त्याने. त्याच्या ऑफिसात केवढ्या पदव्या लावलेल्या होत्या भिंतीवर! याची तक्रार कुठे करायची?"

 साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून मालनबाईंनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना टोमणा. शेजारणीचं दूध उतू गेल्यावर हळहळावं, तशा त्या हळहळल्या.

"आधी बघून घ्यायचं हो, डॉक्टर," त्या म्हणाल्या.